गरोदरपण आणि ई-कावीळ



१९५५-५६ च्या हिवाळ्यात दिल्लीत काविळीची मोठी साथ आली. नजफगड नाल्याचे सांडपाणी यमुनेतून पिण्याच्या पाण्यात शिरले आणि सुमारे २९,००० लोकांना कावीळ झाली. त्यात गरोदर स्त्रिया अधिक दगावल्या. हीच 'हिपॅटायटिस ई', हे पुढे जपून ठेवलेल्या रक्तनमुन्यांवरून उलगडले.

बहुतेकांचा हा आजार आपोआप बरा होतो. मग शेवटच्या तीन महिन्यांतील गरोदर स्त्रियांपैकी शंभरी वीस-पंचवीसपर्यंत का दगावतात?

रक्तातील पांढऱ्या पेशी हे शरीराचे पहारेकरी. त्यांतील टी-पेशी विषाणूने ग्रासलेल्या पेशी हेरून मारतात. परंतु गर्भात निम्मा अंश पित्याचा असतो. त्याला परका समजून हल्ला होऊ नये म्हणून गरोदरपणी टी-पेशींचा कल बदलतो. पहारा उठत नाही, त्याची रीत बदलते. ई-कावीळ झालेल्या गरोदर स्त्रियांत हा कल अधिकच झुकलेला असतो, असे लखनौच्या संशोधकांना २००५ च्या सुमारास आढळले. संप्रेरके व कुपोषण यांचाही वाटा संशोधक तपासत आहेत.

या काविळीवरील लशीला चीनमध्ये २०११ साली परवानगी मिळाली. आपल्या हाती मात्र आजच एक उपाय आहे, तो म्हणजे स्वच्छ पाणी. साथीत पाणी उकळूनच प्या. गरोदर स्त्रीचे डोळे पिवळे दिसले, तर गंडेदोरे आणि झाडपाल्यात दिवस घालवू नका. तिला त्याच दिवशी रुग्णालयात न्या. सुनेचे दुखणे घरात झाकून ठेवू नका.