परमुलखातील कुत्री



मुलगा किंवा मुलगी शिक्षणासाठी अथवा नोकरीसाठी परदेशी निघाली, म्हणजे घरात जी धांदल उडते ती आपणा सर्वांच्या परिचयाची आहे. मेतकूट, चटण्या, गोडा मसाला बांधला जातो. तेथील हवा कशी, भाडे किती, खाणावळ मिळेल काय, याची बारकाईने चौकशी होते. परंतु त्या गावच्या रस्त्यांवर कुत्री आहेत काय, आणि असल्यास ती कोणाची, हा प्रश्न कोणी विचारल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही. परदेश म्हणजे विलायत किंवा अमेरिका असा अर्थ जोवर रूढ होता, तोवर हे ठीकच होते. विलायतेत रस्त्यावर बेवारशी कुत्रे दिसले तर स्थानिक कौन्सिलचा माणूस येऊन ते घेऊन जातो, मालकासाठी सात दिवस वाट पाहतो आणि मग त्याची अन्य व्यवस्था लावतो. आज मात्र मराठवाड्यातील कितीतरी मुले वैद्यकाच्या अभ्यासासाठी जॉर्जियात, कझाकस्तानात, फिलिपाइन्समध्ये जातात; कोणी नोकरीनिमित्त तुर्कस्थानात वा रुमानियात राहतात. तेथे रस्त्यावर कुत्री आहेत, आणि नवख्या माणसाची त्यांच्याशी पहिल्याच आठवड्यात गाठ पडते.

यावर कोणीही म्हणेल की, आम्हा हिंदुस्थानातल्या माणसांना कुत्र्यांचे काय नवल? आमचा सारा जन्म त्यांच्यात गेला. मला नेमकी याच आत्मविश्वासाची धास्ती वाटते. माकणीसारख्या गावातील माणसाला कुत्री कळतात असे आपण म्हणतो, तेव्हा खरे पाहता त्याला माकणीची कुत्री कळत असतात. अमक्या वाड्यासमोरचे तांबडे कुत्रे नुसतेच भुंकते, पिठाच्या गिरणीजवळची कुत्री नुकतीच व्यायली आहे म्हणून तिकडून जाऊ नये, दिवेलागणीनंतर वेशीकडची टोळी अंगावर येते, हे सारे त्याने लहानपणापासून नकळत पाठ केलेले असते. हे ज्ञान सीमेपलीकडे एक पैशाच्याही उपयोगाचे नाही. तेरणेच्या धरणाकडे उसाच्या टोळीबरोबर आलेल्या परक्या मजुराला विचारून पाहा. हीच कुत्री त्याला कशी वाटतात ते तो सांगेल.

कुत्र्याच्या लेखी परका माणूस म्हणजे ज्याचा वास, चाल आणि येण्याजाण्याची वेळ त्याच्या ओळखीची नाही असा माणूस. त्याचा देश, विद्या वा पगार त्याला कळत नाही. प्रत्येक टोळीची हद्द असते आणि त्या हद्दीच्या मध्यभागी बहुधा अन्नाचे ठिकाण असते: खाटकाचे दुकान, खानावळीचा उकिरडा, किंवा रोज भाकरी टाकणारी एखादी आजी. भांडण होते ते या हद्दीच्या काठावर, आणि विशेषेकरून पहाटे व रात्री, जेव्हा रस्ता निर्मनुष्य असतो आणि कुत्र्याला तो सर्वस्वी आपला वाटतो. नेमक्या त्याच वेळी आपला विद्यार्थी अभ्यासिकेतून परततो किंवा व्यायामासाठी धावायला निघतो. धावणारी वस्तू दिसली की तिच्या मागे लागणे ही कुत्र्याची जातीची खोड आहे. म्हणून धावू नये. थांबावे, अंग किंचित तिरपे करावे, डोळ्यांस डोळा भिडवू नये आणि हळूहळू मागे सरकत त्याच्या हद्दीबाहेर पडावे. हातात पिशवी, छत्री, पुस्तके जे काही असेल ते मध्ये धरावे. सायकलवर असल्यास उतरून सायकल मध्ये ठेवून चालावे. खाली पडलोच तर गुडघे पोटाशी घेऊन दोन्ही हातांनी मान व कान झाकावेत.

आता दगडाविषयी. आपल्याकडील माणूस नुसता वाकला तरी कुत्रे पळते, कारण वाकण्याचा अर्थ येथील कुत्र्यांच्या कित्येक पिढ्यांना ठाऊक आहे. ही युक्ती परमुलखात नेऊ नये. कुत्रे तेथे पळेलच असे नाही, आणि त्याहून मोठी गोष्ट ही की, दगड पाहणारी माणसे तेथे असतात. जॉर्जियाची राजधानी तिबिलिसी येथे रस्त्यावरील पुष्कळ कुत्र्यांच्या कानात रंगीत चकती असते. या कुत्र्याचे निर्बीजीकरण झाले, त्याला लस टोचली, असा तिचा अर्थ. दुकानदार त्यांना नावाने हाक मारतात. चकती पाहून निर्धास्त व्हावे असे मी म्हणणार नाही, कारण ती लस केव्हा टोचली हे चकती सांगत नाही. परंतु ज्याला आपण बेवारशी समजतो त्याचे वारस त्या गल्लीत बसलेले असतात, एवढे तिच्यावरून समजून घ्यावे.

इस्तंबूलचे उदाहरण याहून बोलके आहे. तेथील लोक दारापुढे कुत्र्यांसाठी पाणी ठेवतात, थंडीत त्यांना दुकानात निजू देतात. १९१० साली तेथील नव्या सुधारक राज्यकर्त्यांनी शहर युरोपसारखे दिसावे म्हणून हजारो कुत्री धरून मार्मारा समुद्रातील एका उजाड बेटावर नेऊन सोडली. अन्नपाण्यावाचून ती तेथे मेली. पुढे शहरावर जी संकटे आली ती या पापाची फळे होत, असे जुनी माणसे म्हणत. २०२४ साली तुर्कस्थानने भटकी कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवण्याचा कायदा केला, तेव्हाही लोक रस्त्यावर उतरले. अशा गावी आपला एखादा पोरगा दगड उचलतो, तेव्हा तो एका शतकाच्या भांडणात हात घालीत असतो आणि त्याची त्याला कल्पनाही नसते.

परक्याने दुसऱ्याच्या गावच्या कुत्र्यांत हात घातला म्हणजे काय होते, याचा धडा आपल्याच मुंबईत लिहून ठेवलेला आहे. कंपनी सरकारने १८१३ साली मोकाट कुत्री मारण्याचा नियम केला. उन्हाळ्यात व पावसाळा संपताना ठराविक मुदतीत शिपायांनी कुत्री मारावीत, असा तो नियम. १८३२ साली ती मुदत वाढवली गेली. दर कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस असल्यामुळे शिपाई घरांच्या आवारातूनही कुत्री ओढू लागले. पारशी धर्मात कुत्र्याला मोठे स्थान आहे. मृताच्या अंत्यविधीतही त्याची दृष्टी पडावी लागते. ६ जून रोजी, त्यांच्या पवित्र दिवशी, शिपाई कुत्री मारताना पाहून फोर्टमध्ये पारशी जमाव शिपायांवर तुटून पडला. दुसऱ्या दिवशी दुकाने बंद झाली, आणि कुलाब्याच्या गोऱ्या पलटणीला जाणारा शिधासामग्रीचा पुरवठा अडला. कुत्र्यासाठी पलटणीची न्याहारी बंद पडावी, हे साहेबाला स्वप्नातही वाटले नसेल! दंगल मोडली, खटले झाले. पण जमशेटजी जिजीभाई आदी पुढाऱ्यांनी अर्ज करून, कुत्री न मारता शहराबाहेर न्यावीत, हे सरकारच्या गळी उतरवले. त्या साहेबाचे भय खोटे नव्हते. पिसाळलेले कुत्रे चावून माणसे मरत होती. तो चुकला तो इतकाच की, हे कुत्रे कोणाचे, हे त्याने कोणाला विचारले नाही.

आपल्याकडेही हा प्रश्न परदेशी पाहुण्यास सहज कळणारा नाही. अणदूर-नळदुर्गच्या खंडोबाला जाणाऱ्या भाविकास कुत्र्यावर काठी उगारणे जड जाते. दत्ताच्या तसबिरीत पायाशी चार कुत्री असतात. तुपाची वाटी घेऊन कुत्र्यामागे धावणारे नामदेव आपण बालपणीच ऐकलेले असतात. स्वयंपाकघरात शेवटची भाकरी कुत्र्याची, ही चाल अद्याप पुष्कळ घरांत आहे. परंतु ही भाकरी घालणारे हात आणि चावा बसणारे पाय हे बहुधा निरनिराळ्या माणसांचे असतात. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ रोजी दिलेल्या आदेशात खाऊ घालण्यासाठी ठराविक जागा नेमण्यास सांगितले, ते यासाठीच असावे असे मला वाटते. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरच्या आदेशात शाळा, रुग्णालये, बसस्थानके व रेल्वेस्थानके यांच्या आवारांतून कुत्री हलवण्यास सांगितले. शाळेच्या व्हरांड्यात ज्याने आयुष्य काढले त्याला या दुसऱ्या आदेशाचे कारण समजावून सांगावे लागत नाही.

कुत्री रस्त्यावर येतात कोठून, हेही परक्याने जाणून घ्यावे. बुखारेस्टमध्ये १९८० च्या दशकात चाउशेस्कूच्या राजवटीने जुन्या वस्त्या पाडल्या आणि अंगणाच्या घरांत राहणारी कुटुंबे उंच इमारतींतील लहान खोल्यांत कोंबली. अंगण गेले, तशी अंगणातली कुत्री रस्त्यावर राहिली, आणि त्यांची संतती शहरभर पसरली. २००६ साली त्याच शहरात एका जपानी गृहस्थास भर वस्तीत कुत्रे चावले. पायाची धमनी तुटून रक्तस्रावाने त्यांचा अंत झाला. गाव उठले म्हणजे मुक्या जनावरांचे काय होते, हे आमच्या तेरणाकाठच्या लोकांना, ज्यांनी १९९३ च्या भूकंपानंतर नवी गावठाणे वसताना पाहिली, निराळे सांगायला नको.

परंतु धमनी तुटण्याचा प्रसंग विरळा. खरे भय रेबीजचे, ज्याला आपण पिसाळ रोग म्हणतो, त्याचे आहे. त्याची लक्षणे एकदा उमटली की रोगी बहुधा वाचत नाही, आणि लक्षणे उमटण्यापूर्वी योग्य उपचार झाले तर तो बहुधा निश्चित वाचतो. असा स्पष्ट सौदा वैद्यकात फारच थोड्या रोगांच्या बाबतीत आहे. अलीकडच्या एका मोठ्या पाहणीनुसार भारतात अजूनही वर्षाकाठी सुमारे ५,७०० माणसे याने मरतात असा अंदाज आहे. उलट बाजूस गोवा पाहा. तेथे २०१३ पासून कुत्र्यांना मोठ्या प्रमाणावर लस टोचण्याची मोहीम ‘मिशन रेबीज’ या संस्थेने सरकारच्या साहाय्याने चालवली. वर्षाला लाखाच्या जवळपास कुत्र्यांना लस दिली गेली, शाळाशाळांतून मुलांना शिकवले गेले. २०१८ पासूनच्या पुढील काही वर्षांत तेथे रेबीजने माणूस मेल्याची नोंद झाली नाही, आणि २०२१ साली ते राज्य रेबीज-नियंत्रित म्हणून जाहीर झाले. ही संस्था मूळची इंग्रजांची. १८३२ चा साहेब बंदुका घेऊन आला होता, हा लस घेऊन आला.

आता घरच्या वडीलधाऱ्यांसाठी थोडे बोलतो, कारण चावा बसला की मुलाचा दूरध्वनी प्रथम घरी येतो. तेव्हा आपण काय सांगतो यावर पुष्कळ अवलंबून असते. जखमेत हळद दाब, चुना लाव, मिरचीपूड भर, अमक्या गावच्या जाणत्याची मुळी पाठवतो, हे बोलणे कृपा करून आवरावे. सांगायचे ते हे: प्रथम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे जखम धू, घड्याळ लावून धू; मग तडक इस्पितळात जा. त्या साबणपाण्यानेच बरेचसे विष निघून जाते. लस त्याच दिवशी सुरू झाली पाहिजे. कुत्रे दहा दिवस जिवंत राहते काय हे पाहण्याची रीत आहे खरी, पण ते पाहत लस थांबवून ठेवायची नाही. कातडी फाटून रक्त आले असेल तर लसीबरोबरच जखमेत टोचावयाचे इम्युनोग्लोब्युलिन नावाचे औषध लागते. ते तेथे मिळते काय, हे मुलाने स्वतः विचारावे, कारण कित्येक ठिकाणी ते विचारल्यावाचून मिळत नाही. नुसता ओरखडा, किंवा खरचटलेल्या जागी कुत्र्याने चाटणे, हेही दाखवावे.

जुन्या पिढीच्या मनात पोटातील चौदा इंजेक्शनांची दहशत अजून आहे. सेंपल साहेबाने १९११ च्या सुमारास कसौलीत तयार केलेली ती लस आपल्या देशात बंद होऊन आता वीस वर्षांहून अधिक काळ लोटला. हल्ली दंडात चार-पाच वेळा टोचतात. जेथे रस्त्यावर कुत्री आहेत अशा देशी वर्षानुवर्षे राहायचे असेल, तर निघण्यापूर्वीच ही लस टोचून घेता येते. ती घेतलेल्यास चावा बसल्यावर इम्युनोग्लोब्युलिन लागत नाही, आणि पुढे दोनच मात्रा पुरतात. दूरच्या गावी, जेथे औषध दुसऱ्या शहरातून यावे लागते, तेथे या फरकाने प्राण वाचतो.

परदेशात जन्मलेली नातवंडे मे महिन्यात किंवा दिवाळीत घरी येतात, त्यांची गोष्ट याच्या नेमकी उलट. विलायतेत १९२२ पासून रेबीज जवळजवळ नाहीच, त्यामुळे त्या मुलांना प्रत्येक कुत्रे खेळण्यासारखे वाटते. ती ओट्याखालचे पिल्लू उचलतात आणि आई पिल्लांजवळच असते. बोट ओरबाडले गेले तर रागावतील म्हणून मूल ते लपवते. म्हणून ती आल्या दिवशीच, रागावणार नाही असे आधी कबूल करून, कुत्र्याचा दात किंवा नख लागल्यास लगेच सांगायचे, हे त्यांना समजावून द्यावे. लस येथे सुरू झाली आणि मधल्या मात्रेच्या दिवशी विमान असेल, तर लसीचा कागद सामानात न टाकता हातच्या पिशवीत ठेवावा, आणि उरलेल्या तारखा त्यावर डॉक्टरांकडून ठळक अक्षरांत लिहून घ्याव्यात, म्हणजे तिकडच्या डॉक्टरास पुढली मात्रा देता येते.