सेव्हिलच्या रात्री आणि आपले नाते
(परदेशी शिक्षणासाठी निघालेले विद्यार्थी व त्यांचे पालक यांच्यासमोर झालेले भाषण)



मुलगा वा मुलगी शिक्षणासाठी युरोपात निघाली, की वडीलधाऱ्यांच्या मनात पहिली शंका येते ती तेथील रात्रींविषयी. दिवस विद्यापीठात जाईल, पण रात्री? तेथे नाच चालतो, मद्य चालते. ही काळजी अनाठायी नाही. मात्र सगळ्या रात्री एकाच मापाने मोजणे योग्य नव्हे. स्पेनमधील सेव्हिल शहराचे उदाहरण पाहा.

तेथे दर वसंतात ‘फेरिया’ ही जत्रा भरते. १८४७ साली ती गुरांचा बाजार म्हणून सुरू झाली. आज तेथे हजाराहून अधिक मंडप उभारले जातात आणि रात्र रात्र ‘सेव्हियानास’ हे नृत्य चालते. आजी नातीबरोबर नाचते. बहुतेक मंडप कुटुंबांचे वा मित्रमंडळींचे. आमंत्रणावाचून प्रवेश नाही. म्हणजेच परदेशी विद्यार्थ्याला आधी एखाद्या घराचा स्नेह संपादन करावा लागतो. मद्याचे पेले तेथेही फिरतात, हे लपविण्याचे कारण नाही. तेथे संयम ज्याचा त्यानेच सांभाळायचा असतो.

याच शहरात नदीपलीकडे त्रियाना ही वस्ती आहे. फ्लामेंको नृत्य-गायन जेथे वाढले, त्या वस्त्यांपैकी ही एक. ते घडविण्यात रोमा, म्हणजे जिप्सी, समाजाचा मोठा वाटा आहे. सुमारे हजार वर्षांपूर्वी या लोकांचे पूर्वज भारतातून बाहेर पडले. त्यांच्या भाषेत आजही पाण्याला ‘पानी’ आणि कानाला ‘कान’ म्हणतात. पंधराव्या शतकात ते स्पेनमध्ये पोहोचले. १४९९ मध्ये त्यांच्या भटकंतीवर राजाज्ञेने बंदी आली. १७४९ मध्ये हजारोंची एकाच वेळी धरपकड झाली. विसाव्या शतकात त्रियानातील त्यांची घरेही गेली आणि त्यांना शहराच्या कडेला हलविण्यात आले. फ्लामेंको सरळ भारतातून गेले असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल; त्यात अंदलुसियाच्या मातीचे सूर आहेत. पण त्यातील वेदनेत या लोकांचा वाटा आहे. १९७१ च्या लंडन परिषदेत रोमांनी स्वीकारलेल्या ध्वजावर चक्र आहे, ते भारताच्या आठवणीने.

खरा धोका येथे आहे. ‘जिप्सी म्हणजे चोर’ हा तेथील कलुषित ग्रह आपला विद्यार्थी नकळत उचलतो. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने आपल्याच जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरविले होते. भटके-विमुक्तांच्या पालांवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना हा डाग पुसणे किती कठीण असते, ते ठाऊक आहे. तोच डाग आपल्या मुलांनी परमुलखात दुसऱ्यांवर लावावा काय?

म्हणून मुलांना रात्रीची भीती घालून पाठवू नका. दृष्टी देऊन पाठवा. तेथे कोणी हात पुढे करून विचारील, ‘तुमच्याकडे कसे नाचतात?’ त्या वेळी फुगडीची एक फेरी, लेझमीचे चार हात त्यांना आले पाहिजेत. ते शिकविण्याचे काम मात्र विमानात बसण्यापूर्वी, आपल्या अंगणातच व्हायला हवे.