रात्री दोन वाजता उत्तर कोण देते?



वैद्यकीय समाजसेवकांच्या परिषदेत अध्यक्षाने व्यवसायाची वाटचाल आणि आव्हाने यांवर बोलायचे, अशी आपली रीत. मी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांविषयी बोलणार आहे. विषय कळवला तेव्हा कार्यकारिणीतल्या एकदोघांनी विचारले, "अध्यक्षीय भाषणाला जरा हलका नाही का होत?" ब्लड कॅन्सरचे रुग्ण आणि त्यांच्या घरची माणसे फोनवरून एकमेकांना कसा आधार देतात हे मी बरीच वर्षे जवळून पाहते आहे. ओपीडीतल्या टेबलावर दहा मिनिटांत आपण जे समुपदेशन उरकतो, त्याच्याशेजारी ठेवले तर तो आधार हलका मुळीच ठरत नाही.

ल्युकेमिया झालेल्या मुलांच्या पालकांचा एक ग्रुप आहे. पावसाळ्यात रात्री दोनच्या सुमारास त्यावर एका आईचा संदेश आला: "ताप १०१ आहे. बाहेर पाऊस आहे. सकाळच्या गाडीने नेलं तर चालेल का?" पाच मिनिटांच्या आत दुसऱ्या गावातल्या, तिने कधी न पाहिलेल्या बाईचे उत्तर होते: "ताई, सकाळ बघू नका. आत्ता निघा. जवळच्या हॉस्पिटलात गेल्यावर आधी सांगा की केमो चालू आहे, फाइल पुढं करा. निघालात की इथं टाका." मग तिसऱ्याने तालुक्यातल्या एका रिक्षावाल्याचा नंबर टाकला.

आता या उत्तरातले वैद्यकशास्त्र पाहा. केमोने पांढऱ्या पेशी खाली आल्या, रुग्णांच्या भाषेत 'काउंट पडले', की जंतूंशी लढायला शरीरात कुणी उरत नाही. सूज आणि पू या पेशींमुळेच होतात. पेशीच नसल्या तर ताप हीच काय ती एकमेव खूण. म्हणून १००.४ फॅरनहाइटच्या वर गेला की अर्ध्या रात्री का असेना, रुग्णालय गाठायचे आणि शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हायला हवे. हे त्या आईला सांगितलेले नव्हते का? सांगितले होते. पहिल्याच आठवड्यात, इतर वीस सूचनांबरोबर. डिस्चार्ज कार्डावर इंग्रजीत छापलेलेही होते. पण भर पावसात पोराला उचलून घराबाहेर पडायचे बळ तिला कार्डाने दिले नाही. दिले ते अशाच रात्री एकदा घराबाहेर पडलेल्या बाईने.

सगळ्या कॅन्सरमध्ये ब्लड कॅन्सरलाच हा आधार इतका का लागतो? या आजाराला दाखवण्याजोगी गाठ बहुधा नसते, कापून काढण्याजोगे काही नसते. मुलांच्या ल्युकेमियाचे उपचार दोन ते तीन वर्षे चालतात. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियाची, म्हणजे सीएमएलची गोळी बहुतेकांना जन्मभर. माणूस वरून धडधाकट दिसतो, कामाला जातो, आणि घरच्यांना वाटते झाले आता बरे. बाहेरच्यांचे ज्ञान सिनेमावर पोसलेले. 'आनंद' १९७१चा, 'अखियों के झरोखों से' १९७८चा. असे सिनेमे पाहून एका पिढीने ठरवून टाकले की रक्ताचा कॅन्सर म्हणजे सुंदर माणसाने गाणी म्हणत मरणे. आज सीएमएलचा रुग्ण नीट औषध घेत असेल तर जवळजवळ इतरांइतकाच जगतो. पण हे शेजाऱ्याला पटत नाही, आणि सोयरिकीला आलेल्या पाहुण्यांना तर त्याहून नाही.

शिवाय रोग एक नाही, अनेक आहेत. वॉर्डात शेजारच्या खाटेवर मायलोमाचे आजोबा, पलीकडे लिम्फोमाचा कॉलेजचा मुलगा. दोघांची औषधे वेगळी, दुखणी वेगळी, धास्ती वेगळी. सीएमएल वर्षाला लाखात एखाद-दुसऱ्याला होतो. म्हणजे आटपाडीच्या किंवा मोखाड्याच्या रुग्णाला आपल्यासारखा दुसरा माणूस बाजारात, देवळात, एसटीत भेटायची शक्यता जवळपास शून्य. फोनवर मात्र असे चारशे जण एका ठिकाणी सापडतात.

पूर्वी ही गाठभेट मुंबईत परळच्या फुटपाथवर व्हायची. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ साली ल्युकेमियाने गेल्या. त्यांच्यामागे टाटांच्या विश्वस्त निधीतून उभे राहिलेले परळचे टाटा मेमोरियल हे कॅन्सर रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ला सुरू झाले. तेव्हापासून देशभरची माणसे तिथे येतात आणि महिनोन् महिने मुक्काम करतात. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत रात्री भाकरी खाताखाता जे शिक्षण चालते ते कुठल्याच अभ्यासक्रमात नाही: कोणत्या खिडकीवर कोणता कागद, उपचाराला जाताना रेल्वेच्या स्लीपर आणि थर्ड एसीत रुग्णाला पूर्ण सवलत व सोबत्याला ७५ टक्के, बोन मॅरोच्या तपासणीला मुलाला कसे धरायचे. अडचण एकच होती. माणूस गावी परतला की हे शिक्षण धर्मशाळेतच राहायचे. फोनमुळे ते आता त्याच्याबरोबर घरी जाते.

अशा आधाराने औषधाचा इतिहास बदलल्याचे एक उदाहरण आहे, आणि ते व्हॉट्सअ‍ॅपच्या कितीतरी आधीचे. पोर्टलंडमध्ये डॉ. ब्रायन ड्रुकर यांनी १९९८ साली सीएमएलवरच्या एका गोळीच्या चाचण्या सुरू केल्या. तेव्हा त्या गोळीला नावही नव्हते, नुसता क्रमांक होता: एसटीआय-५७१. गोळी घेणारे रुग्ण आपले काउंट इंटरनेटवर एकमेकांना कळवू लागले. डॉक्टरांचे निष्कर्ष परिषदेत मांडले जाण्याआधीच रुग्णांना कळले होते की हे काहीतरी निराळे आहे. माँट्रियलची सुझन मॅकनमारा तेव्हा इंटरफेरॉन या जुन्या औषधाने गळून गेली होती. चाचणीत जागा नाही, कारण औषधच पुरेसे बनत नाही, हे कळल्यावर तिने १९९९ साली इंटरनेटवर अर्ज फिरवला, तीन हजारांवर सह्या गोळा केल्या आणि ती गोळी बनवणाऱ्या नोव्हार्टिस कंपनीच्या प्रमुखांना पाठवल्या. कंपनीने उत्पादन वाढवले. सुझनला पुढे औषध मिळाले, आणि तिने मॅकगिल विद्यापीठातून पीएच.डी.ही केली. मे २००१मध्ये अमेरिकेत या गोळीला, म्हणजे इमॅटिनिबला, परवानगी मिळाली. या साऱ्यात एकमेकांचे मुखदर्शनही न झालेल्या रुग्णांचा हात होता, हे आपल्या पाठ्यपुस्तकांत यायला हवे.

आपल्याकडची गोष्ट जरा गुंतागुंतीची आहे, म्हणून जास्त रंजक. २००२पासून नोव्हार्टिसच्या मदत योजनेतून हीच गोळी, ग्लिव्हेक, हजारो भारतीय रुग्णांना फुकट मिळू लागली. योजना चालवत होती मॅक्स फाउंडेशन. औषधाच्या निमित्ताने एकत्र येणाऱ्या रुग्णांतून फाउंडेशनच्या विजी वेंकटेश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईतून 'फ्रेंड्स ऑफ मॅक्स' हा आधारगट उभा केला. त्याच सुमारास, त्याच मुंबईतली कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन ही संस्था त्याच गोळीच्या पेटंटविरुद्ध त्याच कंपनीशी लढत होती. तेव्हा ग्लिव्हेकची किंमत महिन्याला लाखाच्या वर होती, देशी कंपन्यांची तीच गोळी आठ-दहा हजारांत मिळे. १ एप्रिल २०१३ला सर्वोच्च न्यायालयाने पेटंट नाकारले. मी दोन्ही बाजूंच्या रुग्णांशी बोलले आहे. फुकट गोळीवर जगणाऱ्याला खटल्याची धास्ती वाटत होती; योजनेत न बसणाऱ्याला तो खटलाच वाचवणार होता. कुणालाच खोटे म्हणता येत नव्हते. माझे मत एवढेच, की ज्या ग्रुपचा खर्च औषध कंपनी करते त्या ग्रुपवर औषधाच्या किमतीची चर्चा मोकळेपणाने होणे अवघड. आणि जो ग्रुप रुग्णालय चालवते, तिथे रुग्णालयाबद्दलची तक्रार कुणी लिहीत नाही. ग्रुप रुग्णांचा असावा. आपण पाहुण्यासारखे जावे.

तिथे काय विचारतात, हे ज्यांनी पाहिले नाही त्यांच्यासाठी सांगते. इमॅटिनिब जेवणानंतर, पेलाभर पाण्याबरोबर घ्यायची, नाहीतर मळमळते. मग प्रश्न येतो, एकादशीला काय? उत्तर: खिचडी पोटभर खा आणि मग घ्या, गोळी चुकवू नका. रमजानात काय? इफ्तारनंतर जेवून. पिंडऱ्यांत गोळे येतात, सकाळी डोळ्यांभोवती सूज असते. असे सगळ्यांनाच होते का? पंधरा जण सांगतात, हो, आम्हालाही. डॉक्टर हेच सांगतात, पण पंधरा जण ऐकल्यावर माणूस झोपतो. एकदा गणपतीच्या दिवसांत कोकणातून प्रश्न आला की गोळीच्या माहितीपत्रकात ग्रेपफ्रूट वर्ज्य लिहिलेय, गणपतीवरच्या माटवीला बांधलेले पपनस चालते का? मला तरी तो प्रश्न कधी सुचला नव्हता. पपनस ग्रेपफ्रूटच्याच कुळातले, त्यातलीही द्रव्ये औषधाची रक्तातली पातळी बदलू शकतात. अ‍ॅडमिनने डॉक्टरांना विचारून लिहिले: बांधा, खाऊ नका.

आणि लग्न. पश्चिमेत सीएमएल साठीच्या आसपास होतो, आपल्याकडे तिशी-चाळिशीत, कधी त्याहून आधी. स्थळ आले तर सांगायचे का, कधी सांगायचे, गोळी चालू असताना दिवस राहिले तर? या गोळीवर असताना गर्भधारणा टाळायची असते, मूल हवे असेल तर आधीपासून डॉक्टरांबरोबर आखणी करावी लागते. हे ओपीडीत सासूसमोर कोणती मुलगी विचारणार? ग्रुपवरही ती विचारत नाही. ती अ‍ॅडमिनबाईंना खासगीत लिहिते, आणि घरातला फोन नवऱ्याचा असल्याने संदेश लगेच पुसून टाकते. म्हणून संदेश मोजून ग्रुपचे यश ठरवणाऱ्यांना माझे सांगणे आहे की न लिहिणारेच जास्त असतात आणि ते सगळे वाचत असतात.

आता धोके. सीएमएलच्या काही रुग्णांत, कित्येक वर्षे पीसीआर तपासणीत रोग अगदी नगण्य राहिला तर, डॉक्टर देखरेखीखाली गोळी थांबवून पाहतात. त्यातल्या जवळपास निम्म्या लोकांत रोग पुन्हा डोके वर काढतो आणि गोळी परत सुरू करावी लागते. म्हणून ही देखरेख, सुरुवातीला दरमहा तपासणी. ग्रुपवर मात्र यातले एवढेच येते: "माझी गोळी बंद झाली, देवाची कृपा." वाचणाऱ्या एकाने दुसऱ्या आठवड्यात स्वतःची बंद केली. चांगली बातमीही अशी घातक ठरते. गोमूत्र, काढे, 'तीन महिन्यांत मुळापासून' वाले असतातच. त्यांना ओळखणे सोपे. रक्ताच्या मागण्यांचे काय? 'सिंगल डोनर प्लेटलेट तातडीने हव्यात' असा संदेश तारखेशिवाय निघतो आणि महिनोन् महिने फिरत राहतो. मुलगी गेल्यानंतरही तिच्या बापाला दात्यांचे फोन येत राहिल्याचे मी पाहिले आहे. प्लेटलेट पाच दिवस टिकतात. तारीख, वेळ, रक्तपेढी लिहा आणि गरज भागली की लगेच तसे कळवा, एवढा साधा नियम त्या बापाला वाचवू शकला असता.

मृत्यूचे काय करायचे, याचे उत्तर प्रत्येक ग्रुप आपापले शोधतो. काही ठिकाणी बातमी देतच नाहीत. माणूस नुसता 'लेफ्ट' होतो आणि सगळे समजतात. काही ठिकाणी अ‍ॅडमिन आधी त्याच रोगाच्या, त्याच टप्प्यावरच्या दोघा-तिघांना स्वतः फोन करतात आणि मग ग्रुपवर लिहितात. मला ही दुसरी रीत पटते. पण या फोनांचा भार पाहा. अ‍ॅडमिन स्वतः रुग्ण किंवा आईबाप असतो, नोकरी करतो, आणि वर्षाकाठी अशा कितीतरी बातम्या पचवतो. त्याच्याशी बोलायला कुणी नाही. आपल्याला पर्यवेक्षण मिळते, रजा मिळते, पगार मिळतो. त्याला काय मिळते? 'धन्यवाद दादा' आणि हात जोडलेल्या इमोजी.

तेव्हा दुपारच्या सत्रात एक ठराव येतो आहे. निदान झाल्याच्या आठवड्यातच, रोगाचा प्रकार पाहून, मराठीत छापलेल्या चिठ्ठीवर संबंधित ग्रुपचा नंबर रुग्णाच्या फाइलीला लावावा. प्रत्येक जिल्ह्यातल्या समाजसेवा अधीक्षकाने महिन्यातून एकदा अ‍ॅडमिन मंडळींचे ऐकून घ्यावे, सल्ला मागितला तरच द्यावा. गोळी सुरू-बंद करण्याचा प्रश्न आला की कुणाला विचारायचे, त्या डॉक्टरचे नाव रुग्णालयाने लेखी कळवावे. आणि अ‍ॅडमिनला मानधन मिळावे. रक्कम किती असावी यावर वाद घालू, मिळावे की नाही यावर नको. शेवटच्या कलमाला विरोध होईल, मला कल्पना आहे. सूचक मी आहे. अनुमोदन एखाद्या अ‍ॅडमिनने द्यावे अशी माझी इच्छा आहे. परिषदेच्या घटनेत बिगरसदस्याला ते करता येत नाही, असे सचिवांनी कालच सांगितले. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी यावर काही मार्ग काढावा.