रोज तेच ताट
(वर्धापनदिनी मंडळात केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंत. तेव्हा बोलणार ते चुलीजवळचेच.

माझ्या आजीच्या माहेरी, भंडाऱ्याकडे, धानाच्या बांधीत लाखोळी होई. पाऊस दगा देऊन बाकी पीक गेले तरी लाखोळी तग धरते. मग गरिबाच्या ताटात दोन्ही वेळ तीच. असे काही महिने चालले, की तिच्यातील विषारी अंशाने पाय ताठरतात आणि माणूस काठीवर येतो. मध्य प्रदेशात रेवा भागात शेतमजुरांना मजुरीच या डाळीत मिळे; तेथे कित्येक जण पांगळे झाले. पुढे १९६१ साली सरकारने तिच्या विक्रीवर बंदी घातली.

आजीही लाखोळी खाई. पण कधीमधी, गरम पाण्यात भिजवून, ते पाणी फेकून. जोडीला भात, ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी असे. तिचे पाय शेवटपर्यंत धड राहिले.

मिहानमध्ये आमचे शेत गेले, तशी बांधावरची चवळी-अंबाडीही गेली. मी रोज पोळी आणि बटाटाच करू लागले. पोटे भरत होती, म्हणून निश्चिंत होते. गेल्या साली मुलीला धाप लागू लागली. तपासले तर रक्त कमी! बटाट्यात विष नव्हते, पण शरीराला लागणारे सारे एका बटाट्यात कोठून असणार?

आता डॉक्टरांच्या गोळ्या आहेतच, शिवाय मी वारांप्रमाणे डाळ व भाजी बदलते. हरभरा, मूग, मेथी, चवळी आलटूनपालटून करते. खर्च फारसा वाढलेला नाही. भगिनींनो, आज घरी गेल्यावर गेल्या आठ दिवसांची ताटे आठवून पाहा, एवढीच विनंती.