चहाच्या कपातलं पिल्लू

आज विषय कुत्र्याच्या पिल्लाचा आहे. हसू नका. दिवाळीनंतरच्या बैठकीत आमच्या एका गटाचे दोन तास या पिल्लानं खाल्ले आणि हप्त्याची वसुली राहून गेली.

झालं असं. गटातल्या एका वहिनींनी कर्ज मागितलं, ५० हजार. कारण विचारलं तर म्हणाल्या, "कुत्र्याची जोडी आणायची आहे." त्यांचा मुलगा पुण्यात एका मोठ्या सोसायटीत कामाला आहे. त्यानं मोबाईलवर व्हिडिओ पाठवला होता. चहाच्या कपात बसलेलं पांढरं पिल्लू, कापसाच्या बोळ्याएवढं, डोळे काळ्या मण्यांसारखे. मोबाईल हातोहात फिरला. "अगं बया, केवढुसं!" असं प्रत्येकीच्या तोंडून निघालं, माझ्याही. या पिल्लांना शहरात 'टीकप' म्हणतात, म्हणजे चहाच्या कपात मावणारं. मुलाच्या सोसायटीत एकानं असं पिल्लू ३० हजाराला घेतलं होतं.

वहिनींचा हिशेब तयार होता. कुत्री वर्षातून दोनदा विणार, दर वेताला चार पिल्लं. आठ पिल्लं, ३० हजारानं २ लाख ४० हजार. चारा नको, राखण नको, घरातल्या घरात धंदा. शेळीपेक्षा बरं. निम्म्या बायकांनी तर मनातल्या मनात आपलीही जोडी ठरवून टाकली.

मी मात्र गप्प झाले. माझ्या डोळ्यांपुढे माझ्या नणंदेच्या घरातला बुटांचा रिकामा खोका आला.

दोन वर्षांपूर्वी नणंदेनं लेकीच्या वाढदिवसाला असंच पिल्लू घेतलं होतं. फोनवर व्हिडिओ पाहिला, फोनवरच पैसे भरले आणि स्टेशनबाहेर एका माणसानं टोपलीतून पिल्लू हातात दिलं. थायलंडचं आहे, दोन महिन्यांचं आहे, मोठं होऊनही एवढंच राहणार, असं सांगितलेलं. वजन ४०० ग्रॅम. तिसऱ्या रात्री ते झोकांड्या खायला लागलं, मान टाकली, झटके आले. डॉक्टरांनी आधी सलाईनमधून साखर दिली आणि मग तोंड उघडून दात पाहिले. म्हणाले, "हे दोन महिन्यांचं नाही. महिन्याचं असेल जेमतेम. आईपासून तोडलंय." त्या वेळी ते वाचलं. एकोणिसाव्या दिवशी भाची त्याला सोफ्यावर घेऊन बसली होती, ते खाली उडी मारायला गेलं आणि पुढचा पाय मोडला. एवढ्याशा जिवाला भूल द्यायची म्हणजे धोका. नाही दिली तर हाड जुळवता येईना. चार दिवसांनी गेलं. भाची आता नववीत आहे. अजून विचारते, "मामी, मी त्याला नीट धरलं नव्हतं का?"

बैठकीत मी हे सांगितलं नाही. घरातली गोष्ट, आणि वहिनींच्या मागणीवर पाणी टाकल्यासारखं झालं असतं. एवढंच म्हटलं, की धंदा नवा आहे, पुढच्या बैठकीपर्यंत मी माहिती काढते. मग आमच्या पशुसखीला बरोबर घेतलं आणि तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी तासभर वेळ दिला. ते काय म्हणाले ते आता माझ्या भाषेत सांगते.

पहिली गोष्ट म्हणजे 'टीकप' नावाची कुत्र्याची जात नाहीच. कोणत्याही मोठ्या कुत्रा-संघटनेच्या यादीत ती नाही. ते विकणाऱ्यांनी दिलेलं नाव आहे. मुळातच लहान असणाऱ्या जाती आहेत. चिवावा ही मेक्सिकोतली, तिथल्या चिवावा राज्यावरून नाव पडलं. पूर्ण वाढलेला चिवावा साधारण दोन ते पावणेतीन किलोचा. यॉर्कशायर टेरियर इंग्लंडचा, तोही तीन किलोच्या आसपास. खरा पॉमेरेनियनही तेवढाच. (आपल्याकडे वाड्यात, बंगल्यात जो पांढरा 'पॉमेरेनियन' असायचा, तो बहुतेक वेळा इंडियन स्पिट्झ असतो. अंगानं मोठा, काटक, आणि टपालवाल्याचा वैरी.) या लहान जाती नीट पैदास केलेल्या असतील तर चांगली बारा-पंधरा वर्षं जगतात. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती तीन किलोच्या जातीचं कुत्रं मुद्दाम एक-दीड किलोवर आणून ठेवण्याबद्दल. आपली गावरान कोंबडी दीड किलोची असते. तेवढ्या अंगात कुत्र्याचं काळीज, फुप्फुसं, मेंदू आणि बेचाळीस दात बसवायचे.

ते कसं करतात हे ऐकल्यावर आमची पशुसखी जास्त भडकली. वेतातलं सगळ्यात अशक्त पिल्लू घ्यायचं, दुसऱ्या वेतातल्या तसल्याच पिल्लाशी लावायचं, त्यांच्यातलं पुन्हा सगळ्यात लहान निवडायचं. तेवढी लहान जोडी मिळत नाही, म्हणून मग भावाला बहीण, बापाला लेक. आपण शेळीपालनाच्या प्रशिक्षणात पहिल्या दिवशी काय शिकतो? दर दोन वर्षांनी बोकड बदला, नाहीतर त्याच्याच पाटी त्याला लागतात, करडं कमजोर निघतात आणि मरतूक वाढते. जे आपण शेळीत टाळायला शिकतो, तेच इथे ठरवून करतात. आपलं जे करडू सगळ्यात बारकं, आईला धरायला न येणारं, त्याला आपण बाटलीनं दूध पाजतो आणि देवाच्या भरवशावर सोडतो. इथे तेच सगळ्यात महाग विकलं जातं.

काही जण तेवढीही मेहनत घेत नाहीत. पिल्लाला पोटभर खायला देत नाहीत, म्हणजे अंग धरत नाही. किंवा पाचव्या आठवड्यातलं साधं पिल्लू तीन महिन्यांचं म्हणून खपवतात. ते सहा महिन्यांत व्हायचं तेवढं मोठं होतं, कपात मावत नाही, आणि मग घरात नकोसं होतं.

आता आजार. तुम्हाला सगळ्यांना बाळाची टाळू माहीत आहे. डोक्यावरची मऊ जागा, आपण तिच्यावर तेल घालतो आणि वर्ष-दीड वर्षात ती भरते. या पिल्लांपैकी बऱ्याच जणांची टाळू मोठेपणीही भरत नाही. काहींच्या डोक्यात पाणी साठतं. डोकं गोल घुमटासारखं, डोळे बाहेर आलेले. आपण व्हिडिओत "किती गोड" म्हणतो ते कधीकधी हेच असतं. मी म्हटलं होतं, म्हणून सांगते.

रक्तातली साखर उतरणं हे दुसरं. अंगात चरबीचा साठा नाही, यकृत एवढंसं. आपण सकाळी चहा घेऊन शेतावर जातो आणि दुपारी जेवतो. ते पिल्लू तेवढ्या वेळात बेशुद्ध पडू शकतं. अगदी लहान असताना दर तीन-चार तासांनी खायला लागतं, रात्रीसुद्धा. थंडी लगेच बाधते. गुडघ्याची वाटी सरकते, मग पळताना मध्येच एक पाय उचलून लंगडतं. श्वासनलिका मऊ पडते. गळपट्ट्याला हिसका बसला की हंसाच्या ओरडण्यासारखा खोकला. जबडा एवढासा, म्हणून दुधाचे दात पडत नाहीत, त्यांच्याशेजारीच नवे उगवतात आणि हिरड्या सडतात. हाडं पेन्सिलीएवढी. सोफा ही आपल्यासाठी बसायची जागा, त्याच्यासाठी ती माडी आहे.

आणि पिल्लाच्या आईबद्दल तर कोणी बोलतच नाही. व्हिडिओत ती कधी दिसत नाही. कुत्रीचे गाभणपणाचे दिवस ६३. एवढ्या लहान कुत्रीला एक किंवा दोन पिल्लं होतात. कंबर अरुंद, पिल्लाचं डोकं मोठं, वाट अडते. मग सिझर, आणि तिलाही भूल देण्याचा तोच धोका. हे ऐकताना मला सोळाव्या वर्षी लग्न झालेल्या आणि सतराव्या वर्षी सरकारी दवाखान्याच्या दारात अडलेल्या पोरी आठवल्या. आपण सगळ्यांनीच अशी एखादी पाहिली आहे.

कायदाही विचारून घेतला, कारण कर्जाचा कागद उद्या माझ्या सहीनं पुढे जायचा होता. कुत्र्यांची पैदास आणि विक्री यांसाठी केंद्र सरकारचे २०१७ चे नियम आहेत, १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली केलेले. पैदास करणाऱ्यानं राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही. दीड वर्षाच्या आतली कुत्री लावायची नाही, आणि एकदा व्याल्यावर बारा महिन्यांच्या आत पुन्हा नाही. म्हणजे वहिनींच्या हिशेबातली आठ पिल्लं कायद्यानं आणि निसर्गानं मिळून एक-दोनवर येतात. त्यातलं एखादं दगावतं, आणि सिझरचा खर्च वेगळा. 'थायलंडचं पिल्लू' हे ऐकूनही डॉक्टर हसले. धंद्यासाठी, पैदाशीसाठी परदेशातून कुत्री आणण्यावर केंद्र सरकारनं २०१६ मध्येच बंदी घातली.

पुढच्या बैठकीत हे सगळं मांडलं आणि या वेळी भाचीची गोष्टही सांगितली. सगळ्या गप्प. मग आमच्या एका आक्का म्हणाल्या, "म्हणजे दुखणं घेऊनच जन्माला घालायचं आणि विकायचं. घेणाऱ्याच्या पोरीनं मग रडत बसायचं. त्या पैशाचं मी तरी काय करू?"

यावर वहिनींनी जे विचारलं ते मला अजून टोचतंय. "आणि ब्रॉयलर कोंबडीचं काय, आक्का? ती पण पायावर नीट उभी राहत नाही एवढं वजन वाढवतात. त्या शेडला गटानं कर्ज दिलंच ना? शहरातल्या लोकांना कुत्रं पाहिजे, मी देते. त्यात माझंच पाप कसं?"

बरोबर विचारलं. माझ्याकडे पूर्ण उत्तर नव्हतं, आजही नाही. ब्रॉयलरचं पाहायला पाहिजे, हे मी कबूल केलं. एवढंच म्हणाले, की कोंबडी घेणाऱ्याला माहीत असतं तो काय घेतोय. कुत्रं घेणारा त्याला घरातलं लेकरू म्हणून नेतो आणि आपण त्याला खोटं सांगून देतो. आणि मागणी आहे म्हणून माल काढायचा, तर मागणीही व्हिडिओ करतो. मोबाईलच्या जाहिरातीत पग दिसला तेव्हा शहरात घरोघरी पग आले, त्यातले किती उन्हाळ्यात धापा टाकत गेले ते तिथल्या डॉक्टरांना विचारा. उद्या कपाची फॅशन जाईल, आपल्या अंगणातली जोडी राहील.

मत घेतलं. कर्ज नामंजूर. शेळ्यांसाठी घ्या, म्हटलं तर वहिनी उठून गेल्या. त्या महिन्याची बचत त्यांनी मुलीच्या हातून पाठवली. रस्त्यात दिसल्या तर मान वळवायच्या. गावात माझ्याबद्दल काय काय बोललं गेलं ते सांगत नाही.

आणि मग फेब्रुवारीत एका रात्री साडेनऊला दार वाजलं. वहिनी. पदराखाली काहीतरी. मुलानं आपल्या पगारातून एक पिल्लू आणलंच होतं, "निदान एक मादी तरी" म्हणून. ते गार पडलं होतं आणि मान लटपटत होती.

डॉक्टरांनी सांगितलेलं आठवलं तसं केलं. तुम्हीही ऐकून ठेवा, शहरात मालकिणीच्या घरी काम करणाऱ्या तायांनी तर नक्कीच. साखर किंवा मध थोड्या कोमट पाण्यात कालवायचा, बोट बुडवून हिरड्यांना आणि जिभेखाली चोळायचा. तोंडात ओतायचं नाही, बेशुद्ध जीव गिळत नाही, ते फुप्फुसात जातं. अंगाला जुनं लुगडं गुंडाळायचं, कोमट पाण्याची बाटली कपड्यात बांधून शेजारी ठेवायची, उघडी बाटली अंगाला टेकवायची नाही. आणि शुद्धीवर आलं तरी डॉक्टरांकडे न्यायचंच. दहा-पंधरा मिनिटांनी त्यानं जीभ हलवली. रात्रीच डॉक्टरांना फोन केला, पहाटे पहिल्या एसटीनं तालुक्याला नेलं.

ते वाचलंय. मागच्या सोमवारी मी त्यांच्या घरी गेले होते, किराणा दुकानातल्या काट्यावर त्याचं वजन ७२० ग्रॅम भरलं. वहिनी रात्री दोनदा गजर लावून उठतात. डॉक्टरांनी सांगितलंय, हिला कधी लावायची नाही, अंगात धरलं की पिशवी काढून टाकू. मुलगा नाराज आहे. वहिनींनी त्याला फोनवर काय सुनावलं ते रेडिओवर सांगण्यासारखं नाही. माझ्याशी अजून जपूनच बोलतात, पण या महिन्याची बचत घेऊन स्वतः आल्या.

पुढच्या बुधवारी याच वेळेला आपले पशुवैद्यकीय डॉक्टर स्वतः येणार आहेत. कुत्र्यांची, शेळ्यांची, आणि हो, ब्रॉयलरचीसुद्धा, जी शंका असेल ती गटाच्या वहीत लिहून प्रेरिकेकडे द्या.