अंगावरचं लोखंड उतरवा

नेवाशाचं नाव निघालं की आधी माउली आठवतात आणि तो पैसाचा खांब. शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९० साली इथं ज्ञानेश्वरी सांगितली गेली. मी नेवाशाचाच. पण आज बोलणार आहे ते आमच्या पायाखालच्या जमिनीविषयी, आणि ती न खणता तिच्यात काय आहे हे सांगू पाहणाऱ्या एका यंत्राविषयी.

आमच्याकडे लाडमोड नावाचं टेकाड आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकळियांनी १९५४ ते १९५६ या काळात ते खणलं. शां. भा. देव आणि झैनुद्दीन अन्सारी त्यांच्याबरोबर होते. वरच्या थरात मुसलमानी-मराठा अमदानी, खाली सातवाहन, त्याखाली ताम्रपाषाणयुगातली घरं. त्या घरांच्या जमिनीतच, मातीच्या भांड्यांत, आईबापांनी पुरलेली लहान मुलं होती. एक मात्र खरं, एकदा उकरलेला थर पुन्हा तसा रचता येत नाही. म्हणून कुदळ मारण्याआधी अंदाज हवा.

तो अंदाज देणारं एक यंत्र म्हणजे मॅग्नेटोमीटर, चुंबकत्वमापक. काठीला लावून एका माणसानं शेतातून हिंडवावं एवढंच. त्याच्या एका प्रकारात बाटलीत रॉकेलसारखा द्रव असतो आणि भोवती तारेचं वेटोळं. वीज सोडली की द्रवातले प्रोटॉन एका दिशेला उभे राहतात. वीज तोडली की ते पृथ्वीच्या चुंबकत्वाभोवती भोवऱ्यासारखे डुलू लागतात. हे डुलणं मोजायचं. आपल्या भागात पृथ्वीचं चुंबकत्व सुमारे ४२ ते ४३ हजार नॅनोटेस्ला आहे, म्हणजे सेकंदाला साधारण १८०० हेलकावे. कानाला ऐकू येईल असा हा सूर. खाली वेगळं काही असेल तर तो किंचित चढतो किंवा उतरतो.

माती खूप तापून थंड झाली की तिच्यातले लोहकण त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकत्वाची दिशा धरून ठेवतात. म्हणून जुनी चूल, कुंभाराची भट्टी या यंत्राला कळते. १९५८ साली इंग्लंडमध्ये वॉटर न्यूटन इथं मार्टिन एटकेन यांनी असंच यंत्र फिरवून रोमन काळातल्या भट्ट्या शोधल्या. हेच यंत्र लोखंडाची खनिजं शोधतं, महायुद्धात न फुटलेले बॉम्ब शोधतं, गाडलेले नळ आणि विसरलेल्या तेलविहिरी शोधतं. आपल्या धुळे-नंदुरबारकडे काळ्या दगडाच्या उभ्या भिंती जमिनीत गेलेल्या आहेत, भूशास्त्रात त्यांना डाइक म्हणतात. त्या कुठून कशा जातात हे अशा मोजणीतून उमगतं, आणि भूजलाच्या शोधात त्याचा उपयोग होतो.

यंत्र मात्र भारी हळवं. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याच्या वेधशाळेतली चुंबकीय मोजमापं १९०४ साली अलिबागला हलवावी लागली, ती याच कारणानं.

आता घरची गोष्ट. २००३ च्या दुष्काळात आमच्या वस्तीवरची विहीर आटली. अब्बांनी एक पाणाड्या आणला. हातात नारळ धरून तो वावरात फिरला आणि एका जागी थांबून म्हणाला, "इथं तीन बोटं पाणी." तीनशे फूट गेलो, नुसता फुफाटा उडाला. दुसऱ्या जागेलाही तो तितकाच ठाम होता. दुसरा बोअरही कोरडा. अम्मीच्या हातातल्या बांगड्या त्यात गेल्या. तिसऱ्यासाठी बैलजोडी काढायचं घाटत होतं.

तेव्हा ओळखीचे एक भूशास्त्राचे प्राध्यापक हे यंत्र घेऊन आले. "चाचा, बरोबर चालायचं तर आधी अंगावरचं लोखंड उतरवा," ते म्हणाले. मी घड्याळ, किल्ल्या, पट्टा काढला. अब्बांनी कमरेचा अडकित्ता बांधावर ठेवला. दिवसभर दोऱ्या धरून, पाच-पाच मीटरवर थांबत आकडे घेतले. यंत्र जोरात बोललं ते फक्त दोन ठिकाणी, आमच्या कोरड्या बोअरांपाशी. तिथं वरच्या अंगाला लोखंडी केसिंग होतं!

संध्याकाळी कागद पसरून प्राध्यापक म्हणाले, "चाचा, हे यंत्र पाणी दाखवत नाही, खडकातला फरक दाखवतं. आणि आपला काळा खडकच मुळात चुंबकी, त्यामुळं इथले आकडे नुसतेच खालीवर उड्या मारतात. भिंत दिसत नाही. कुठं खोदा, हे मला सांगता येणार नाही."

मला वाटलं, अब्बा चिडतील. ते अडकित्ता खोचत एवढंच म्हणाले, "सच बोलनेवाला पैला आदमी आज मिल्या." बैलजोडी दावणीलाच राहिली. तिसरा बोअर झाला नाही. पुढच्या पावसाळ्यापर्यंत आम्ही डोक्यावरून पाणी वाहिलं, पण कर्जात बुडालो नाही.

हे आज सांगतो, कारण यंत्राच्या नावानंही आता पाणाडेपण चालतं. कुणी मशीन लावून गुप्तधन दाखवतो म्हणाला तर एवढं ध्यानात ठेवा की सोनं चुंबकाला ओळख देत नाही. भट्टी सापडली तरी ती कुणाच्या जातीची, कुणाच्या धर्माची, हे यंत्र सांगत नाही. इथं आग पेटली होती, कुणीतरी काहीतरी भाजत होतं, एवढंच ते सांगतं. त्यापुढचं आपण बोलतो.

अब्बा आता नाहीत. त्यांचा अडकित्ता माझ्याकडे आहे. जमिनीखाली काय आहे यावर गावात वाद पेटला की मला तो बांधावर ठेवलेला दिसतो. आधी अंगावरचं लोखंड उतरवावं, मग खाली कान लावावा. आणि नाही कळलं, तर नाही कळलं म्हणावं.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)