परतलेल्यांची साक्ष : शासकीय आदानप्रदान योजना आणि त्यांचे मूल्यमापन

(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मजकूर)



कोणत्याही जुन्या ग्रंथालयाच्या टेबलावर एक अभिप्रायवही असते. ‘ग्रंथसंग्रह उत्तम, व्यवस्था चोख, कार्यास शुभेच्छा’ अशा आशयाची वाक्ये तिच्या पानापानावर आढळतात. ती खोटी नसतात. परंतु हव्या त्या पुस्तकासाठी तीन खेपा घालूनही ज्याला ते मिळाले नाही आणि ज्याने एके दिवशी निमूटपणे वर्गणी भरणे थांबविले, त्या वाचकाचा शेरा या वहीत कधीच नसतो. केवळ वही वाचून ग्रंथालयाची परीक्षा करू पाहणारा म्हणूनच फसतो. हीच अडचण फार मोठ्या प्रमाणावर जगातील अनेक शासनांपुढे उभी आहे. आपल्या खर्चाने शासन विद्यार्थी, अध्यापक, कलावंत आणि अधिकारी यांना परदेशी पाठविते, परदेशातील अशाच व्यक्तींना आपल्याकडे बोलाविते, आणि या खर्चातून काय साधले हे त्यांनाच प्रश्नावली पाठवून विचारते. त्या उत्तरांचे मोल किती, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

अशा योजनांपैकी सर्वांत प्रसिद्ध योजना अमेरिकेची फुलब्राइट योजना होय. सिनेटर जे. विल्यम फुलब्राइट यांनी मांडलेल्या विधेयकावर राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी १ ऑगस्ट १९४६ रोजी स्वाक्षरी केली. दुसऱ्या महायुद्धानंतर परदेशांत पडून राहिलेल्या अमेरिकन युद्धसामग्रीच्या विक्रीतून येणारा पैसा विद्यार्थ्यांच्या आणि विद्वानांच्या देवाणघेवाणीसाठी वापरावा, अशी मूळ कल्पना होती. भारताशी यासंबंधीचा करार २ फेब्रुवारी १९५० रोजी झाला. २००८ च्या नव्या करारान्वये भारत सरकार या खर्चाचे भागीदार झाले आणि पाठ्यवृत्तींना ‘फुलब्राइट-नेहरू’ हे नाव मिळाले. तेव्हापासून या योजनेचा हिशेब विचारण्याचा अधिकार भारतीय करदात्यालाही प्राप्त झाला आहे.

हिशेबाची निकड किती असते, हे २०२५ मध्ये दिसून आले. अमेरिकेच्या २०२६ च्या अंदाजपत्रकासाठी तेथील प्रशासनाने शैक्षणिक व सांस्कृतिक आदानप्रदानाच्या तरतुदीत ६९ कोटी १० लाख डॉलरची कपात प्रस्तावित केली. म्हणजे जवळजवळ सारी तरतूदच काढून घेण्याचा तो प्रस्ताव होता. अशा वेळी योजनेच्या कैवाऱ्यांच्या हाती जी कागदपत्रे असतात, त्यांत माजी सहभागींच्या सर्वेक्षणांचे स्थान मोठे असते. ती साक्ष दुबळी असेल तर चांगली योजनाही बुडते, आणि साक्ष नुसतीच गोड असेल तर निरुपयोगी योजनाही वर्षानुवर्षे तरते.

सर्वेक्षणाची ही पद्धत नवी नाही. नॉर्वेचे समाजशास्त्रज्ञ स्वेर्रे लिसगार्ड यांनी अमेरिकेत राहून परतलेल्या सुमारे दोनशे नॉर्वेजियन फुलब्राइट पाठ्यवृत्तिधारकांच्या मुलाखतींवर आधारलेला अभ्यास १९५५ मध्ये प्रसिद्ध केला. सहा महिन्यांहून कमी काळ राहिलेले समाधानी होते आणि अठरा महिन्यांहून अधिक राहिलेलेही समाधानी होते. मधल्या मुदतीचे लोक मात्र त्या मानाने एकाकी व अस्वस्थ आढळले. आरंभीचे कौतुक, मग खिन्नता आणि अखेरीस रुळणे, असा हा क्रम इंग्रजी ‘यू’ अक्षराच्या आकाराचा म्हणून ओळखला जाऊ लागला. १९६३ मध्ये जॉन व जीन गलाहॉर्न या दांपत्याने परतलेल्या ५,३०० अमेरिकन पाठ्यवृत्तिधारकांच्या उत्तरांचा आधार घेऊन या आकृतीला दुसरी वेलांटी जोडली. मायदेशी परतल्यावर माणूस पुन्हा एकदा खचतो आणि पुन्हा सावरतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. या आकृत्या सर्वत्र तंतोतंत लागू पडतात असे पुढील संशोधनाने मानलेले नाही. तथापि त्यांतून एक धडा निश्चित मिळाला. एकाच माणसाला विमानतळावर, सहा महिन्यांनी आणि दोन वर्षांनी तोच प्रश्न विचारला तर तीन निराळी उत्तरे येऊ शकतात. निरोपसमारंभाच्या दिवशी भरून घेतलेल्या प्रश्नावलीत बव्हंशी त्या समारंभाचीच ऊब उतरते.

याच सुमारास भारतीय विद्यार्थीही अभ्यासविषय झाले. रिचर्ड लॅम्बर्ट व मार्व्हिन ब्रेस्लर यांनी अमेरिकेतील एका विद्यापीठात शिकणाऱ्या थोड्या दक्षिण आशियाई विद्यार्थ्यांचा बारकाईने अभ्यास केला व १९५६ मध्ये तो ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. यजमान देशाविषयी पाहुण्याचे मत कसे बनते, याचे त्यांना मिळालेले उत्तर मार्मिक होते. यजमान माझ्या देशाकडे कोणत्या दृष्टीने पाहतात, असे पाहुण्याला वाटते, त्यावर यजमानांविषयीचे त्याचे मत पुष्कळसे अवलंबून असते. जातिभेद, दारिद्र्य यांविषयी सहज विचारलेला प्रश्नही जिव्हारी लागतो आणि त्याचा परिणाम यजमान देशाच्या मूल्यांकनावर होतो. ‘वसतिगृहाची सोय कशी होती?’ एवढेच विचारणाऱ्या प्रश्नावलीला ही जखम कधी दिसणार नाही.

१९९३ मध्ये अमेरिकेत शासकीय कामगिरी व फलनिष्पत्ती यांविषयीचा कायदा झाला आणि प्रत्येक खात्याला आपली उद्दिष्टे मोजता येतील अशा स्वरूपात मांडणे भाग पडले. परराष्ट्र खात्याने आदानप्रदान योजनांसाठी निघण्यापूर्वी, कार्यक्रम संपताना आणि नंतर काही काळाने अशा टप्प्यांनी प्रश्नावल्या पाठविण्याची पद्धत बसविली. डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये प्रशिक्षणाच्या मूल्यमापनासाठी सांगितलेल्या चार पायऱ्यांशी तिचे नाते आहे. माणूस समाधानी झाला का, काही शिकला का, त्याचे वर्तन बदलले का, आणि त्यामुळे त्याच्या संस्थेत व समाजात काही घडले का, अशा त्या चार पायऱ्या होत. पहिली पायरी मोजणे सर्वांत सोपे असते आणि चौथी सर्वांत कठीण. म्हणून बहुतेक अहवालांत पहिल्या पायरीचे आकडे ठळक अक्षरांत छापले जातात.

आधी आणि नंतर विचारले म्हणजे सारे साधले, असेही नाही. यजमान देशाचे समाजजीवन तुम्हाला किती समजते, या प्रश्नाला एखादी शिक्षिका निघण्यापूर्वी पाचांपैकी चार गुण देते. वर्षभर तेथे राहिल्यावर आपले अज्ञान तिच्या ध्यानात येते आणि ती तीन गुण देते. गणिताने पाहावे तर तिचे ज्ञान घटले. वस्तुतः ती पुष्कळ शिकलेली असते. मोजणाऱ्याची पट्टीच प्रवासात बदलते, हा दोष जॉर्ज हॉवर्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये दाखवून दिला. ‘आज मागे वळून पाहता, निघताना तुम्हाला किती समजत होते?’ असा प्रश्न शेवटी विचारावा, हा त्यावरील उपाय होय. परंतु माणसाची स्मृती भिडस्त असते. मिळालेल्या शिष्यवृत्तीची भरपाई म्हणून ती पूर्वीचे अज्ञान वाढवूनही सांगते. म्हणून दोन्ही प्रश्न विचारून उत्तरे शेजारी ठेवून वाचणे श्रेयस्कर.

याहून मोठा प्रश्न निवडीचा आहे. युरोपातील इरॅस्मस योजना १९८७ मध्ये सुरू झाली. तिच्याविषयी युरोपीय आयोगाने २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत सुमारे ८० हजार लोकांनी भाग घेतला होता. परदेशी वास्तव्यात आपला जोडीदार भेटला, असे २७ टक्के माजी विद्यार्थ्यांनी सांगितले. त्यावरून १९८७ पासून इरॅस्मस दांपत्यांना सुमारे दहा लाख अपत्ये झाली असावीत, असा अंदाज आयोगाने वर्तविला आणि वृत्तपत्रांनी तो उचलून धरला. ज्यांचे आयुष्य त्या वर्षाने पालटले, त्यांनीच प्रश्नावली अधिक उत्साहाने भरली असेल, तर तोच हिशेब न भरणाऱ्यांना कसा लावावा? याच पाहणीत परदेशी गेलेल्या विद्यार्थ्यांचे काही व्यक्तिगुण जाण्यापूर्वीच इतरांहून वरचढ होते, असेही आढळले होते. इअन विल्सन यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात जाणाऱ्यांची मते आधी व नंतर तपासली आणि न जाणाऱ्यांशी ताडून पाहिली. इरॅस्मसचे विद्यार्थी युरोपच्या ऐक्याला अनुकूल होते हे खरे, परंतु ते घरून निघतानाच तसे होते. प्रवासाने त्यांची राजकीय मते फारशी बदलली असे दिसले नाही. मोकळ्या मनाचे लोक निवडायचे, त्यांना परदेशी धाडायचे आणि ते परतल्यावर त्यांचा मोकळेपणा योजनेच्या खाती जमा करायचा, हा हिशेब चुकीचा आहे. निवड समितीच्या यादीत जे थोडक्यात हुकले, त्यांनाही तीच प्रश्नावली पाठविल्यावाचून योजनेचे खरे देणे कळणार नाही.

आणि तरीही काही फळे कोणत्याच प्रश्नावलीच्या मुदतीत पिकत नाहीत. याचे उदाहरण बडोद्याच्या इतिहासात आहे. महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या संस्थानाने १९१३ मध्ये भीमराव आंबेडकर या तरुण पदवीधरास कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी विद्यावेतन दिले. परतल्यावर दहा वर्षे संस्थानची सेवा करावी, अशी अट होती. १९१७ मध्ये ते बडोद्यास नोकरीवर रुजू झाले, तेव्हा कचेरीत त्यांना अस्पृश्यतेचे चटके बसले, राहावयास जागा मिळेना आणि पारशी धर्मशाळेतूनही त्यांना बाहेर काढण्यात आले. थोड्याच काळात त्यांना बडोदे सोडावे लागले. त्या वर्षअखेरीस संस्थानच्या हिशेबनिसाने मूल्यमापन केले असते तर ‘अट अपूर्ण, खर्च वाया’ एवढाच शेरा पडला असता. पुढे भारताच्या संविधानाच्या मसुदा समितीचे अध्यक्षपद ज्यांनी भूषविले, त्यांच्या शिक्षणात त्या विद्यावेतनाचा वाटा होता, हे त्या तक्त्याच्या कोणत्या रकान्यात बसले असते? आणि त्या वर्षी प्रश्नावली कोणाला द्यावयास हवी होती? परतलेल्या विद्वानाला, की त्याला घर नाकारणाऱ्या शहराला?

याच महाराजांनी अमेरिकेतील ग्रंथालये पाहून १९१० मध्ये विल्यम ॲलन्सन बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बडोद्यास आणले. ते १९१३ पर्यंत तेथे राहिले. त्यांचे मत त्या वेळी कोणी लिहून घेतले असो वा नसो, त्यांच्या मुक्कामाची साक्ष संस्थानभर उभ्या राहिलेल्या मोफत वाचनालयांनी आणि गावोगाव फिरणाऱ्या ग्रंथपेट्यांनी दिली.

सहभागींना विचारणे व्यर्थ आहे, असा याचा अर्थ नव्हे. अपमान, एकाकीपणा, जडलेली मैत्री यांची माहिती त्यांच्याखेरीज दुसरे कोणीही देऊ शकत नाही. परंतु साक्षीदाराला न्यायाधीश करू नये. त्याच्या नावाचा उल्लेख न करता, पैसे देणाऱ्या खात्याने नव्हे तर त्रयस्थाने, एकदा नव्हे तर वर्षांच्या अंतराने, त्याला विचारावे. ‘तुम्हाला कसे वाटले?’ याबरोबरच ‘गेल्या वर्षभरात त्या देशातील कोणाशी मिळून कोणते काम केलेत?’ हेही विचारावे. यजमान कुटुंबांना, परतलेल्याच्या सहकाऱ्यांना आणि न निवडलेल्यांना विचारावे. किती जणांनी उत्तर दिले नाही, ही संख्या अहवालाच्या पहिल्या पानावर छापावी.

दुसऱ्या शतकात पदार्पण करणाऱ्या ग्रंथालयालाही यातील एक गोष्ट सहज करता येण्याजोगी आहे. अभिप्रायवही टेबलावर राहू द्यावी. मात्र वर्षातून एकदा सभासद-नोंदवही काढून, ज्यांच्या नावापुढे वर्गणीचा रकाना कोरा राहिला आहे, त्यांच्या घरी एक पत्र पाठवावे, आणि आलेले उत्तर, कसेही असले तरी, वार्षिक सभेत वाचून दाखवावे.